पांढरी टोकं

दादाच्या नडगीच्या हाडाचा मधला तुकडाच अपघातात गेला होता. आधीची ऑपरेशनं पाण्यात गेली. हेही फसलं तर पाय काढायचा, हे डॉक्टरांनी वहिनीला आडपडदा न ठेवता सांगितलं. आता सगळी भिस्त धाकटीवर, म्हणजे दादाच्या बहिणीवर. प्रयोगशाळेत ती हाडासाठी सांगाडे बनवायची. सावकाश विरघळणाऱ्या प्लास्टिकमध्ये खास काचेची पूड मिसळून केलेली, स्पंजासारखी सच्छिद्र नळकांडी. त्या पुडीच्या ओढीने हाड दोन्ही टोकांतून आत शिरतं, वाढतं, आणि सांगाडा विरून जातो.

बनवणाऱ्याने ऑपरेशनला हजर राहायचं, अशी तिथली रीत. म्हणून ती भिंतीला पाठ लावून उभी होती. डॉक्टरांनी नळकांडं दादाच्याच रक्तात बुडवलं. ते रक्त पिऊन लाल झालं, की मगच बसवतात.

मधला भाग लाल झाला. टोकं पांढरीच राहिली.

काय झालं ते तिला लगेच कळलं. टोकं खरखरीत होती, दादाला टोचतील म्हणून तिने ती गरम पात्याने गुळगुळीत केली होती. दुसऱ्या कुणाचे असले लाड तिने जन्मात केले नसते. प्लास्टिक वितळलं आणि छिद्रं बुजली. पाहुण्यांना बोलवायचं आणि दाराला कडी घालायची, त्यातला प्रकार.

डॉक्टर मात्र खूश. मधला भाग लाल झाला, एवढं त्यांना पुरेसं होतं. सफाई छान आहे म्हणत त्यांनी ते चिमट्याने उचललं. ती गप्प राहिली असती तर कुणाला पत्ता लागला नसता. हाडाने धरलं नाही, एवढंच म्हटलं असतं सगळ्यांनी.

“लावू नका,” ती म्हणाली. “टोकं बंद झालीयत. माझी चूक आहे.”

दुसरं नळकांडं नव्हतं. टोकं छाटली तर छिद्रं उघडतील, पण पाय थोडा आखूड होईल, डॉक्टर म्हणाले. त्यांचा आवाज चढला होता. विचारायला दादा शुद्धीवर नव्हता.

“छाटा,” ती म्हणाली.

खरं काय ते कळल्यावर वहिनीने तिच्याशी बोलणं टाकलं. पुढे एक्स-रेत हाडाची धूसर रेघ आरपार दिसली, तरी अबोला सुटला नाही.

आखूड पायाच्या बुटात घालायला तिने स्वतः टाच बनवून आणली. दादा भिंत धरून उभा राहिला. गाडीखाली सापडलेल्या माणसाला टोचायची कसली भीती, म्हणून त्याने तिची यथेच्छ चेष्टा केली. मग भिंत सोडून त्याने पायावर सगळा भार टाकला. वहिनी दारातून बघत होती.

“टोचतंय का?” धाकटीने विचारलं.

“टोचतंय,” दादा म्हणाला. “पाय आहे ना, टोचणारच.”