घासून गेलेला नंबर

पॉलिशवाल्या चकाकीच्या हाताबद्दल गल्लीत जेवढं सांगतात, त्यातलं निम्मं तरी खरं असावं. त्याने घासलेल्या दाराच्या मुठीत चेहरा इतका स्वच्छ दिसायचा, की एका न्हाव्याने आरसा विकून टाकला आणि गिऱ्हाइकांना त्या दारापुढे बसवायला लागला. एका इस्पितळाचे चिमटे त्याने पॉलिश करून दिले, तर डॉक्टरांनी ऑपरेशनच्या वेळी काळे चष्मे मागवले म्हणे. बायको सगळ्यांना आधीच बजावून ठेवी, "ह्यांच्या हाती फडका लागला की जरा लांब उभे राहा. नाहीतर तुमचंही नाक घासून देतील."

पितळ असो, पोलाद असो, खाच दिसली की चकाकीच्या बोटांना खाज सुटायची. खाच म्हणजे वैरी, एवढी एकच विद्या उस्तादाने त्याला दिली होती. त्याच विद्येने पुढे त्याचा घात केला.

त्याचा थोरला भाऊ म्हणजे दुसरं टोक. छत्तीस वर्षं कोर्टाच्या नकलाखात्यात काढली. मूळ कागद डाव्या हाताला, नक्कल उजव्या हाताला, अक्षर न् अक्षर ताडून बघायचं, खाली ‘अस्सल बरहुकूम खरी नक्कल’ असं लिहायचं, सही करायची आणि सहीखाली एक रेघ ओढायची. गाव त्याला बरहुकूमदादा म्हणे. ती रेघ दिसली की वकील मूळ कागद मागायचेसुद्धा नाहीत. घरच्या वाणसामानाच्या यादीखालीही दादा सही करी, आणि जाड्या मिठाऐवजी बारीक आलं तर पुडा परत जाई.

आईबाप गेले तेव्हा दादा एकोणीसचा आणि चकाकी सहाचा. दादाने लग्न केलं नाही, बढतीची बदली घेतली नाही. स्वतःसाठी म्हणून त्याने उभ्या आयुष्यात एकच गोष्ट केली. एका परदेशी मासिकातलं लाल गाडीचं चित्र कापलं आणि टेबलावरच्या काचेखाली सरकवलं. दोन दारांची, जमिनीला पोट लावून दबा धरून बसलेली गाडी. ज्या देशात बनली त्या देशाबाहेर कंपनीने ती कधी विकलीच नाही. तिच्याबद्दल दादा फक्त एकदा बोलला, आणि तेही दाढ काढताना, गुंगीत. "हिच्यात एकदा बसायचं राहिलं रे," एवढंच. दाढेबरोबर ते वाक्यही बाहेर पडलं हे त्याला माहीत नव्हतं. चकाकीने मात्र ते उचलून जपून ठेवलं होतं.

दादा निवृत्त झाला तेव्हा चकाकीने एक दलाल गाठला. दलालाने परदेशातली एक म्हातारी डॉक्टरीण शोधून काढली. तिच्या गॅरेजात तीच गाडी होती, तोच रंग. अडचण एकच. गाडीला तीस वर्षं पूर्ण झाली की जुनी गाडी म्हणून ती देशात आणता येते, त्याआधी नाही. हिला दोन महिने कमी होते.

"दोन महिन्यांचं काय घेऊन बसलात?" दलाल म्हणाला. "तारखेतला एक आकडा इकडचा तिकडे करू."

दादाने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "आकडा इकडचा तिकडे होत नसतो. तो इकडचा इकडेच राहतो. आम्ही थांबू."

आणि थांबले. त्या दोन महिन्यांत दादाने जी फाइल बांधली तिला तोड नाही. विक्रीपत्र, गाडीचा जन्मदाखला, धुराची तपासणी, दिव्यांची तपासणी, प्रत्येकाचं भाषांतर, प्रत्येक भाषांतराची नक्कल. वाऱ्याने खिडकी आपटायला लागली की चकाकीची बायको तीच फाइल लावून ठेवी. "भाऊजी," ती म्हणे, "गाडी यायची तेव्हा येऊ द्या. तोवर ह्या फायलीलाच चाकं लावा, बाजारात जाऊन येऊ."

मालकाच्या रकान्यात चकाकीने दादाचं नाव घालायला लावलं.

"माझं कशाला?"

"मग काय माझं? मी नुसता पुसणारा."

गाडी बंदराच्या गोदामात उतरली. तपासणीआधी घरच्या माणसाने एकदा जाऊन ओळख पटवायची असते. दादा खिडकीवर फॉर्म भरत होता, म्हणून त्याने धाकट्याला पाठवलं. "बघून ये. पण हात लावायचा नाही. शिक्का बसेपर्यंत ती आपली नाही."

"फडका घरीच ठेवलाय, दादा."

फडका डाव्या खिशात होता, पेस्टची डबी उजव्या खिशात आणि पॉलिशपेपर मोज्यात.

गोदामाच्या पहारेकऱ्याने बॉनेट उघडून दिलं आणि तो चहाला गेला. चकाकी गाडीकडे बघतच राहिला. तीस वर्षांची बाई, पण अंगावर सुरकुती नाही! आणि मग त्याला ते दिसलं. इंजिनाच्या मागच्या पत्र्यावर तळहाताएवढा तपकिरी डाग, गंजलेला, मध्ये कसल्याशा बारीक खाचा. तिकडच्या कुणा अडाण्याने पाना आपटला असणार. "राणीसारखं रूप आणि कपाळावर हे काय!" चकाकी पुटपुटला. दादाने पहिल्यांदा बॉनेट उघडायचं आणि त्याला हा डाग दिसायचा? छे!

पहारेकऱ्याचा चहा दीड तास चालला. इतका वेळ चहाला लागत असेल तर मळ्यापासून सुरुवात केली असावी. तो परत आला तेव्हा डाग गेला होता, खाचा गेल्या होत्या आणि पत्र्याचा आरसा झाला होता.

तिसऱ्या दिवशी तपासणी होती. अधिकारी बाई होत्या, मोजकं बोलणाऱ्या. त्यांनी दादाची फाइल पानोपान पाहिली आणि पहिल्यांदाच कुणीतरी तिचं कौतुक केलं. "अशी फाइल आमच्याकडे शिकवायला ठेवली पाहिजे." दादाचे कान लाल झाले. मग बाई बॉनेटखाली वाकल्या.

"इथे गाडीचा नंबर ठोकलेला असतो," त्या म्हणाल्या. "मला तर इथे माझाच चष्मा दिसतोय."

चकाकी एक पाऊल मागे सरकला.

"दाराच्या पट्टीवरचा नंबर कागदाशी जुळतोय," बाई सरळ होत म्हणाल्या. "हा तिकडेच झिजला असेल तर मालकाने तसं लिहून द्यावं, मी शिक्का मारते. पण इथे आल्यावर कुणी घासला असेल, तर मग चौकशी लागेल."

आता दादा वाकला. क्षणभर तसाच राहिला. मग हळूहळू ताठ झाला आणि धाकट्याकडे वळला.

"तू हात लावला होतास का?"

हो म्हणायला एक अक्षर लागतं. नाही म्हणायला दोन. चकाकीने दोन खर्च केली. "नाही, दादा."

दादाने त्याच्याकडे पाहिलं, डावीकडच्या कागदाकडे बघायचा तसं, निवांत, खालपासून वरपर्यंत. मग पेन काढलं आणि लिहिलं, ‘सदर नंबर गाडी येथे येण्यापूर्वीच झिजलेला होता.’ खाली सही केली. रेघ ओढली नाही. हे चकाकीच्या लक्षात आलं, पण तेवढ्यात शिक्का बसला.

गाडी घरी आली. पहिल्या आठवड्यात अर्धी गल्ली तिच्यात बसून गेली. न्हावी बसला, वाणी बसला, वाण्याची मांजर दोनदा बसली. दादा बसला नाही. एकदा गुडघा दुखत होता, एकदा कंबर, एकदा चष्म्याची काडी सैल होती.

"भाऊजी, मांजरसुद्धा बसून झाली हो."

"बसेन. घाई काय आहे?"

काचेखालचं चित्र एक दिवस दिसेनासं झालं. चकाकी रोज सकाळी गाडी पुसायचा. पुसण्यासारखं काही उरलं नव्हतं, तरी पुसायचा. महिना गेला, दोन गेले. मग एका दुपारी बायको अंगणात आली आणि तिने त्याच्या हातातला फडका काढून घेतला.

"शेजारच्या पोरीने ताडायला आणलेली दाखल्याची नक्कल भाऊजींनी परत पाठवली. न बघता. ‘माझी सही आता चालत नाही’ म्हणाले. सहीला काय झालंय त्यांच्या? आणि ते सोडा, तुम्ही काय केलंय?"

चकाकीने सांगितलं. सगळं, मोज्यातल्या पॉलिशपेपरसकट. ती चिडेल असं त्याला वाटलं होतं. तिने फक्त गाडीकडे पाहिलं. "चमकतेय हो छान," ती म्हणाली. "घरातला माणूस तेवढा काळवंडलाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी तो दादाच्या टेबलापाशी जाऊन उभा राहिला. "दादा, नंबर मी घासला. मला वाटलं डाग आहे."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"बॉनेटखाली वाकलो तेव्हापासून. तुझ्या पेस्टचा वास ह्या घरात उशीला येतो, टॉवेलला येतो. मला नाही येणार?"

"मग सही का केलीस?"

दादाने टेबलावरच्या रिकाम्या काचेवरून बोट फिरवलं. "लहानपणी तू शेजारच्यांची काच फोडलीस. मी विचारलं, तू नाही म्हणालास. मी त्यांना जाऊन सांगितलं, माझा भाऊ फोडणार नाही. तेव्हाही मला ठाऊक होतं." त्याने टेबलावरचं पेन उगीच सरळ केलं. "तू मूळ कागद, मी नक्कल. मुळात जे होतं ते मी खाली उतरवलं. नकलेत दुरुस्ती करायचा अधिकार मला नसतो."

"मग मुळात दुरुस्ती करू. चल, बाईंना जाऊन सांगू."

"गाडी जाईल."

"जाऊ दे."

दादा उठला. कपाटातून फाइल काढली, चपला घातल्या, अंगणात आला आणि लाल गाडीचं दार उघडून आत बसला. गुडघा दुखला नाही, कंबरही नाही. फाइल मांडीवर घेऊन म्हणाला, "जायचंच आहे तर हिच्यातूनच जाऊ. पण कोर्टावरून घे."

कोर्टावरून रस्ता लांब पडतो. चकाकीने तो आणखी लांबवला. एका गतिरोधकावर गाडीचं पोट घासलं, तेव्हा दोघांनी एकदमच "आई गं" केलं, जणू त्यांनाच लागलं. कोर्टाच्या फाटकापाशी दादाने काच खाली केली आणि कोपर बाहेर काढलं. फाटकावरच्या शिपायाने ओळखून सलाम ठोकला. दादाने एक बोट उचललं. सगळं मिळून पाऊण तासाचं ते बसणं.

बाईंनी ऐकून घेतलं. मग चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"तेव्हाच सांगायचं होतं. ठोकलेला नंबर वरून गेला तरी आतल्या धातूत त्याचा दाब राहतो. तेजाब फिरवलं की उमटतो. त्यासाठी आमच्याकडे माणूस आहे, एका सकाळचं काम. चौकशी म्हणजे एवढीच होती." त्यांनी जुना जबाब पुढे सरकवला. "आता ह्या कागदामुळे गाडी ठेवता येणार नाही. परत बोटीवर चढवावी लागेल."

चकाकी खाली बघत राहिला. एक अक्षर. एक सकाळ.

नोंदीसाठी म्हणून तेजाबवाल्याला बोलावलं. त्याने बोळा फिरवला, फिरवला, आणि चकाकीने दीड तास खपून केलेल्या आरशातून एकेक आकडा वर आला, फिकट, पण पुरा. दादाने फाइल डाव्या हातात धरली आणि उजव्या हाताचं बोट पत्र्यावरून हळूहळू पुढे नेलं. मोठ्याने वाचलं. शेवटच्या आकड्यावर बोट थांबलं.

"जुळतो," तो म्हणाला. "बरहुकूम."

नवा जबाब दोघांनी लिहून दिला. दादाने सही केली, खाली रेघ ओढली.

गाडी आत नेली तेव्हा लाल दारावर दादाच्या तळव्याचा ठसा राहिला होता, घामाचा, पाच बोटांचा. चकाकीचा हात खिशाकडे गेला, आणि तिथेच राहिला.

बसमध्ये दोघे मागच्या बाकावर बसले. अर्धा रस्ता झाल्यावर दादा म्हणाला, "वळणावर हलत नाही रे अजिबात."

"कोण?"

"कोण काय? ती." मग खिडकीकडे बघत तो म्हणाला, "शेजारच्या पोरीला सांग, दाखला घेऊन ये म्हणावं."