टाकीचं झाकण आणि दीनाबाईंचा कान

मी एक म्हातारी गाडी बोलतेय. श्रीरामपुरात शमुवेल गुरुजींच्या दारात, पेरूच्या झाडाखाली, उजव्या अंगाला जरा कलून उभी असते ना, तीच मी. मला कुणी मिनी बस म्हणतं, कुणी फिरतं घर, आणि शेजारचे खोडसाळ लोक 'गुरुजींचा बंगला' म्हणतात. म्हणोत बापडे.

माझी पहिली पंधरा वर्षं लग्नाची वऱ्हाडं वाहण्यात गेली. बाई गं, काय ती माणसं! जाताना नाचायची, येताना झोपायची, आणि खिडकीतून ओकायची ती वेगळीच. पुढं मला कुणी विचारीना. एका गॅरेजच्या मागं पडून राहिले. माझ्या मागच्या सीटवर कोंबडीनं अंडी घातली, तरी कुणाला पत्ता नव्हता.

तिथून गुरुजींनी मला आणलं. प्राथमिक शाळेतून रिटायर झालेला माणूस. त्यांनी सीटा काढल्या, फळ्यांचा तीन फूट रुंदीचा पलंग ठोकला, गॅसची शेगडी बसवली, पाण्याची टाकी चढवली. त्यांच्या बायकोनं, दीनाबाईंनी, जुन्या साड्यांचे पडदे शिवले. गल्ली हसली, म्हणाली, म्हातारपणी गुरुजींना चळ लागला.

चळ नव्हता हो. दीनाबाईंचा मणका गेलेला. एसटीच्या सीटवर दहा मिनिटं बसल्या की डोळ्यांतून पाणी यायचं. आडवं पडूनच प्रवास जमायचा. आणि त्यांची थोरली बहीण, भीमाबाई, शेवगावच्या पुढच्या एका खेड्यात. आई लवकर गेली तेव्हा याच अक्कानं दीनाबाईंना वाढवलेलं. आता अक्काचे पाय गेलेले. दोघी दोन वर्षं भेटल्या नव्हत्या. फोनवर अक्का म्हणायची, "दीने, मातीलाच येनार का गं आता?" फोन ठेवला की दीनाबाई भिंतीकडं तोंड करून पडायच्या. तेवढ्यासाठी गुरुजींनी मला घेतलं होतं.

आणि मी काय केलं? तीनदा निघालो आणि तीनदा नेवाशाच्या अलीकडं मी बंद पडले.

लाज वाटते सांगायला. पण चूक माझी नव्हती. दीनाबाईंचा पलंग नेमका डिझेलच्या टाकीवर. वासानं त्यांना मळमळायचं. म्हणून गुरुजींनी सायकलच्या ट्यूबचा एक गोल तुकडा कापला आणि टाकीच्या झाकणात आतून घट्ट बसवला. वास बंद झाला. पण त्या झाकणाला हवा आत यायला एक बारीक भोक होतं, तेही बुजलं. इंजिन डिझेल ओढतंय, टाकीत हवा येत नाही, मग ओढून ओढून एका जागी डिझेल यायचंच थांबायचं. मायेनं केलेलं काम माझ्या जिवावर उठलं होतं.

गुरुजी शिस्तीचे. मी थांबले की वही काढायचे. माझा डिझेलचा काटा मेलेला, म्हणून पहिल्यांदा झाकण उघडून आत काठी बुडवायचे. डिझेल आहे. मग पाइप बघायचे, फिल्टर बघायचे, हातपंप मारायचे. तोवर झाकणातून हवा आत गेलेली असायची, मी सुरू व्हायचे. वहीत लिहायचे, 'विसाव्यानंतर चालते. इंजिन तापत असावे.' आणि पुढं पुन्हा बसेल या धास्तीनं मला घराकडं माघारी वळवायचे. मेकॅनिकनं पंप बदलला, पाइप बदलले, फिल्टर तर दोनदा. मी आतून ओरडत होते, अहो, श्वास कोंडलाय माझा! पण माझं कोण ऐकणार?

एका बाईनं ऐकलं होतं. दीनाबाई पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "अहो, तुम्ही झाकण उघडता तेव्हा माझ्या खाली फुस्स होतं."

"वारा असेल, दीना. तू पडून राहा."

दुसऱ्यांदा म्हणाल्या, तेव्हाही वाराच. तिसऱ्यांदा त्या बोलल्याच नाहीत. मला इतका राग आला होता गुरुजींचा!

मग एका सकाळी अक्काच्या नातवाचा, नोहाचा फोन आला. "आजीनं जेवन सोडलंय. नुसतं दीना, दीना करती." दीनाबाईंनी पडल्या पडल्या सांगून गुरुजींकडून सांजा करून घेतला. अक्काला आवडतो म्हणून. निघताना गुरुजी स्टिअरिंगवर हात ठेवून म्हणाले, "आता थांबलीस तर भंगारवाल्याला फोन लावतो." प्रार्थना केली आणि निघालो.

जीव खाऊन पळाले. पण नेवासा ओलांडलं आणि पुन्हा तेच. दोन आचके दिले आणि रस्त्याच्या कडेला उभी राहिले. गुरुजींनी या वेळी वहीसुद्धा काढली नाही. खाली उतरून दगडावर बसले, हातात मोबाईल. आत दीनाबाई सांज्याचा डबा पोटाशी धरून पडलेल्या.

तेवढ्यात एक पिकअप थांबली. मागं दोन खिल्लारी बैल. घोडेगावच्या बाजारातून बैल घेऊन निघालेला कारभारी नावाचा व्यापारी. "काय झालं, बाबा?"

"बसलीय. का बसते तेच कळत नाही."

कारभारी माझ्याभोवती एक फेरी मारून आला, माझ्या पत्र्यावर थाप मारली आणि खिडकीतून आत डोकावला. "हितं कोन झोपतं?"

"माझी मंडळी. तिला आजार आहे, तिला कशाला त्रास?"

"तरास न्हाई हो. आमी बैल घेताना मालकाला न्हाई इचारत, गोठ्यात जो झोपतो त्याला इचारतो. रातचं जनावर कन्हतं का, पोट वाजतं का, ते त्यालाच ठावं असतं. ताई, काय आवाज येतो का वो खाली?"

दीनाबाईंनी आधी गुरुजींकडं बघितलं. मग म्हणाल्या, "येतो. झाकण उघडलं की फुस्स होतं. तीन खेपा झाल्या."

"उघडा बरं, बाबा."

गुरुजींनी कुलूप काढून झाकण फिरवलं. मी एवढा मोठा श्वास घेतला की पिकअपमधल्या बैलानं मान वळवली.

"ऐकलंत?" दीनाबाई आतून म्हणाल्या. "अहो, तेलाच्या डब्याला आपण दोन भोकं पाडतो. एकानं तेल येतं, दुसऱ्यानं हवा जाते. तुम्हीच शिकवायचात ना चौथीच्या पोरांना?"

गुरुजींनी झाकण उलटं करून पाहिलं. काळं रबर. स्वतःच्या हातानं कापलेलं. त्यांचा चेहरा पडला. "दीना, तू सांगत होतीस गं. मी ऐकलं नाही. चुकलो."

"असू द्या. काढा ते."

"वास येईल तुला."

"येऊ द्या. अक्का थांबलीय."

दुपार कलताना मी अक्काच्या अंगणात उभी होते. वाटेत एकदाही थांबले नाही, बरं का! नोहानं आजीला घोंगडीसकट उचललं आणि थेट माझ्या पलंगावर आणून ठेवलं. पलंग एकीपुरता. अक्का दीनाबाईंच्या तोंडावरून हात फिरवत राहिली, आणि मग म्हणाली, "सरक की गं जरा. ल्हानपनीबी अशीच समदी जागा अडवायची." दीनाबाई हसत होत्या आणि रडत होत्या. अक्कानं चार घास सांजा खाल्ला.

त्यानंतर पाच वेळा गेलो आम्ही. गेल्या उन्हाळ्यात अक्का गेली, तेव्हा दीनाबाईंचा हात तिच्या हातात होता.

आता माझ्या कागदपत्रांची मुदत संपलीय, रस्त्यावर जायची सोय नाही. परवा भंगारवाला आला. गुरुजी त्याला म्हणाले, "थांबा, आधी घरात विचारतो." त्यांच्या वहीच्या पहिल्या पानावर आता तेच लिहिलेलं आहे, 'आधी दीनाला विचारणे.' आत गेले, बाहेर आले आणि त्याला चहा पाजून परत पाठवलं.

तुमच्या घरातही कुणी पडून असेल, तर बाबांनो, त्याला एकदा विचारा.

माझं म्हणाल तर बरं चाललंय. दुपारी गुरुजी दीनाबाईंना हाताला धरून माझ्यात आणून झोपवतात. पलंग तेवढाच, तीन फुटी. पण त्या अगदी कडेला अंग चोरून झोपतात, अर्धी जागा मोकळी सोडून.