दोन बोटं ठेंगणी

खुर्ची उलटी केल्याशिवाय भिंगबाई तिच्याबद्दल चकार शब्द काढत नसत. जुन्या फर्निचरची पारख करणं हा त्यांचा धंदा, आणि लिलावघरात सगळे त्यांना याच नावाने ओळखायचे. वरचं पॉलिश काय, कुणीही चढवतं. लाकडाचं खरं वय खालच्या बाजूला कळतं, असं त्यांचं ठाम मत.

त्या दिवशी त्यांच्यापुढे एक सोडून दोन खुर्च्या होत्या, अगदी जुळ्या. दोघं भावंडं त्या घेऊन आली होती: एक दादाची, एक त्याच्या धाकट्या बहिणीची. त्यांचे वडील जुनं लाकूडसामान दुरुस्त करायचे. त्यांच्याकडे एक फार जुनी खुर्ची होती. तिच्यावरून त्यांनी दुसरी घडवली, मुलांना एकेक दिली, आणि नक्कल कोणती हे न सांगताच गेले. बहिणीला किमतीशी देणंघेणं नव्हतं. बाबांनी आपल्याला दुय्यम मानलं का, हे तिला इतकी वर्षं सलत होतं, आणि तसं तिने बाईंना आल्या आल्या सांगूनही टाकलं. दादा खिडकीशी उभा होता.

बाई कामाला लागल्या. काय सांगावं, म्हाताऱ्याने भल्याभल्यांची भंबेरी उडवली असती! जुनं लाकूड आक्रसतं, तशा सांध्यातल्या लाकडी खुंट्या किंचित वर येतात. पठ्ठ्याने नव्या खुर्चीतही त्या तेवढ्याच वर ठेवल्या होत्या. स्क्रू जुनेच शोधून लावलेले. पुढच्या आडव्या दांडीवर टाचांनी होते ती झीजसुद्धा दोन्हींवर, आणि तीही माणूस जिथे पाय ठेवेल नेमकी तिथेच. लबाडीच करायची असती तर हा माणूस गडगंज झाला असता, बाईंच्या मनात आलं. त्यांना त्याचा हेवाच वाटला.

शेवटी त्यांनी टेप लावली. बहिणीची खुर्ची दोन बोटं ठेंगणी निघाली. पाय कुजले म्हणून कुणी खालून कापले असतील, असं त्यांना आधी वाटलं; जुन्या खुर्च्यांच्या नशिबी ते येतंच. पण कापलेल्या पायांचं खालचं नक्षीचं कडं जमिनीला टेकतं. इथे सगळी कडी जागच्या जागी होती, फक्त मधलं अंतर थोडं थोडं कमी केलेलं. म्हणजे पाय मुळातच आखूड घडवलेले, आणि त्या काळच्या खुर्च्यांची ठरलेली उंची होती ती दादाच्या खुर्चीची.

"ताई, नक्कल तुमची," बाई म्हणाल्या. अस्सल खुर्चीच्या किमतीत अशा चार येतील, हेही त्यांनी सांगितलं. बहिणीचा चेहरा खर्रकन उतरला.

"पण असा माणूस दोन बोटं चुकेल, हे मला पटत नाही. जरा बसता का हिच्यात?"

जुनी आहे, मोडेल, या धाकाने बहीण त्या खुर्चीत कधी बसलीच नव्हती. ती जपून टेकली. चणीने ती लहान. कुठल्याही खुर्चीत तिचे पाय लोंबकळायचे, त्यावरून घरात चेष्टा व्हायची. इथे तिची दोन्ही पावलं फरशीवर सपाट टेकली होती. ती पायांकडे बघत राहिली आणि तिला रडू फुटलं.

अशी नक्कल मी जन्मात पाहिली नाही, बाई म्हणाल्या.

दादा खिडकीपासून हलला नव्हता.

"माझ्या मापाची त्यांनी कधी केली नाही," तो म्हणाला.

बहीण उठली आणि त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली.