शिमग्याचा वायदा

“कुनाला पटायचं न्हाय, पन डाक्टरीण मडमेनं माज्या पोटातनं कोकराएवढा गोळा काढला! नुसते पाय तेवढे न्हवते!” परातीत पीठ मळता मळता मायाक्कानं ठोकून दिलं आणि चुलीभोवतीच्या बायका खिदळल्या.

तिला तेच हवं होतं. हसणारं माणूस दुसऱ्याच्या कपाळावरचा घाम बघत नाही.

दिवाळी सरली होती. माढ्याच्या माळावर सकाळच्या गारठ्यात सगळी घोंगड्या पांघरून होती. तट्टांवर बोजे चढत होते. मेंढरं एकदा भीमेकडं उतरली की जेठापर्यंत परतायची नव्हती. भाकऱ्या थापायला यंदा मायाक्काला मागं ठेवून केराबाईची पोर न्यावी, असं घाटत होतं. आपल्या नवऱ्याच्या, धुळाच्या, बिऱ्हाडात ती पोर नुसत्या भाकऱ्या थापायला येत नव्हती, हे मायाक्काला कुणी सांगायला नको होतं.

दोन वर्षांमागं सोलापूरच्या दवाखान्यात तिची गर्भाची पिशवी काढली, आजूबाजूचं होतं नव्हतं तेही काढलं. तेव्हापासून वेळ नाही, काळ नाही, छातीतून जाळ उठे. मान-तोंड भाजून निघे, चोळी पिळण्याजोगी भिजे, मागोमाग हुडहुडी. गुळवेलाचा काढा झाला, बिरोबाचा भंडारा झाला. कशाकशानं उतार नाही.

“मागल्या पौषात वलं लुगडं पाठीवर टाकलं, तर वाफ निगाली! ह्यांनी तितंच हात शेकलं!”

“हसू ऱ्हाऊ दे, मायाक्का,” मेंढपाळांचा कारभारी ज्ञानबा म्हणाला. “गेल्या साली चूल पेटती टाकून वढ्यात जाऊन बसलीस. मान्सं उपाशी निजली. औंदा काय करशील?”

“थांबतंय की आता! मडम म्हनली, येत्या शिमग्याला समदं थंड. वायदाच दिलाय तिनं.”

मडम बोलली तेव्हा सासू भिंतीला टेकून घोरत होती. मायाक्काची सगळी भिस्त त्या घोरण्यावर होती.

धुळानं बायकोकडं पाहिलं. कितीतरी दिवसांनी. “चल मग,” म्हणाला, आणि तिची वाकळ उचलून तट्टावर टाकली.

तेवढ्यात जाळ उठला. मायाक्कानं घोंगडी आणखी आवळून घेतली. पळायचं नाही. हनुवटीवरनं घाम परातीत टपकू लागला, तशी ती तो पिठात मळू लागली. खोटं वाटेल, पण त्या पिठाला पुढं पाणी लागलं नाही.

“बस झालं,” पलीकडून सासू बाळाबाई बोलली. नातवासाठी झुरणारी म्हातारी, पण आवाज चढला नव्हता. “मी घोरत न्हवते, मायाक्का. कवा थांबंल ते मलाबी सांगता येत न्हाय, म्हनली मडम. शिमगा तुजा तूच घातलास.”

वाकळेच्या दोरीवर धुळाचा हात थांबला.

मायाक्कानं घोंगडी काढली, नीट घडी घातली आणि वाऱ्याकडं तोंड करून बसली.