महाराजांच्या सीटखाली

निमोण्याच्या मारुतीच्या देवळापुढं माणूस मावत नव्हतं. वायुनाथ महाराज आपल्या छोट्या मोटारीचं बॉनेट उघडून दाखवत होते.

"बघा, इंजिन हाय का? पेट्रोल न्हाई, धूर न्हाई. निस्त्या मंत्रावर चालती."

गाडी बिनआवाजाची सरकली की बायका पाया पडायच्या. २००३ साल होतं. विजेवरची मोटार आमच्यात कुणी पाहिली नव्हती. मला एवढंच खटकायचं, की हे महाराज मुक्कामाला झाडाखाली कधी राहत नाहीत. वीज असलेलं घरच मागतात.

भर गर्दीत गाडीनं आचके दिले आणि थांबली. महाराजांनी सगळ्यांवर नजर फिरवली आणि बोट दगडाबाईकडं केलं. नवरा वारलेली बाई. तिनं सकाळी कौतुकानं गाडीला हात लावला होता.

"हिच्या हातानं मंत्र बाटला. ही गावात हाय तवर गाडी चालायची न्हाई."

तिचा दीर भिमाजी लगेच म्हणाला, "वैनी, बोचकं बांधा. माहेरी जावा."

दगडाबाईनं हात पदराखाली घेतले.

तेव्हा शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या अनिताबाई पुढं आल्या. "महाराज, सीट उचलते."

"ते देवाचं आसन हाय."

"मग देवाचं दर्शन घेते."

सीटखाली बॅटऱ्यांची रांग होती. दाराजवळच्या झाकणाआड चार्जिंगची पिन निघाली. महाराजांना वीजवालं घर कशाला लागायचं, ते मला उमगलं.

बाईंनी शाळेतला वीज मोजायचा मीटर आणला. एकेक बॅटरी मोजली, सगळ्या ठीक. मग चाकांना दगड लावून भिमाजीला पेडल दाबायला सांगितलं आणि मीटर एका जोडावर धरला. काटा उसळला.

"वीज इथं अडते. ही पांढरी भुकटी बघा, जोड गंजलाय. गाडीनं ओढ घेतली की वीज पुरत नाही. असा गंज चढायला महिने लागतात, भिमाजी. सकाळी हात लावून चढत नाही."

स्विच बंद करून त्यांनी जोड खरवडला, नट आवळला. दगड काढले. गाडी चालली. महाराज गर्दीतून वाट काढत होते.

भिमाजी खाली बघून म्हणाला, "वैनी, घरी चला."

"येते. पण आधी सगळ्यांम्होरं सांगा, मी काय केलं न्हवतं."

भिमाजी गर्दीकडं वळला. त्यानं ते मोठ्यानं सांगितलं.

यंत्र बंद पडलं तर झाकण उघडून बघावं. आणि कुणी बाईकडं बोट दाखवलं, तर त्यालाच आधी पुरावा मागावा.