पेज उतू चाललीय

"पुन्हा एकदा म्हण, ताई. आणि जरा गोड आवाजात. तू काय पोलीस चौकीत बसलीयस?"

रोस्लीने फोन तिच्या तोंडासमोर धरला होता. वार्तिनीने घसा खाकरला आणि म्हणाली, "आमा, चपला काढ. खुर्चीत बस. पाणी पी गं बाई माझी."

"झकास!"

"झकास म्हणे! तुला होक्कियन बोली कळते तरी का?"

"काडीचं कळत नाही. पण ऐकून मलाच तहान लागली."

वार्तिनी हसली. रोस्ली मलय, दोन पोरांचा बाप. ती जावा बेटावरच्या पोनोरोगोची. दोघांना एकमेकांचं बोलणं चांगलं समजायचं. बेडोक उपनगरातल्या ह्या नवव्या मजल्यावरच्या घरात तो कालपासून दारं, दिवे, पंखे सगळ्यांना यंत्रं जोडत होता. दार उघडलं की दिवा लागायचा, दिव्यामागून पंखा, आणि मग भिंतीवरच्या पांढऱ्या स्पीकरमधून आवाज. ह्या सगळ्या साखळीला तो रूटीन म्हणायचा. रूटीन कसलं, तो वार्तिनीचाच दिवस होता. ती जे जे करायची ते विचारून विचारून तो फोनात भरत होता, आणि तीही कौतुकाने सांगत होती. तुझं काम हलकं होईल, असं मॅडमनी सांगितलं होतं ना!

आवाज तिचाच का, ह्यालाही कारण होतं. घरातल्या म्हातारीला सगळे आमा म्हणत. आमाने उभा जन्म बाजारात पेजेचा ठेला चालवला. तेव्हा ती गिऱ्हाइकांशी चार भाषांत भांडायची. पुढे डोकं विरत गेलं तशा भाषाही गळाल्या आणि उरली एकटी होक्कियन, तिच्या आईची चिनी बोली. ती घरात येते कुणाला? लेक ह्वी लेंग बँकेत मोठी अधिकारी. इंग्रजी फाडफाड, शाळेतली चिनी अस्खलित, पण आईची बोली 'जेवलीस का'च्या पुढे नाही. त्या दीडशहाण्या यंत्राला जगभरच्या भाषा येत होत्या, हीच तेवढी नव्हती. आता दैव बघा! चिनी म्हातारीच्या पोटातलं ओळखणारी त्या घरात एकच बाई, आणि ती जावातली मोलकरीण. आमाने तिला आधी शिव्या शिकवल्या, मग भाज्यांची नावं, मग बाकीचं. त्यात दहा-अकरा वर्षं निघून गेली.

"पण हे ऐकवायचं कधी तिला?" वार्तिनीने विचारलं.

"संध्याकाळी. डे-केअरची गाडी तिला सोडून गेली की मॅडम घरी येईपर्यंत. तेव्हा घरात कुणी नसणार ना."

"मी असते की."

रोस्लीने स्क्रूड्रायव्हर पिशवीत टाकला, मग पुन्हा बाहेर काढला.

"ताई," तो म्हणाला, "मला वाटलं, तुला सांगितलंय."

ह्वी लेंग ऑफिसातून आली तेव्हा वार्तिनी ओट्याशी खारवलेला मुळा चिरत होती. तिने सुरी खाली ठेवली नाही.

"मॅडम, मी जाणार आहे का?"

ह्वी लेंगने पर्स टेबलावर ठेवली. "सांगणारच होते तुला. तुझं काँट्रॅक्ट ह्या महिन्यात संपतंय. पुढे नाही वाढवत मी."

"माझं काही चुकलं?"

"नाही गं. चुकलं असतं तर बरं झालं असतं." ती खुर्चीत बसली. "परवा मी आईला केक भरवत होते, तेव्हा ती मला काहीतरी म्हणाली. काय म्हणाली? तुलाच कळतं तिचं."

वार्तिनी मुळा चिरत राहिली. आमा म्हणाली होती, 'ही बाई कोण? हिला जायला सांगा. माझी लेक आत भांडी घासतेय.'

"बघ, नाही सांगत. म्हणजे समजलं मला." ह्वी लेंगच्या डोळ्यांत पाणी आलं. "माझ्या सख्ख्या आईशी बोलायला मला दुभाषी लागतो, वार्ती. तू आहेस तोवर ती माझ्याकडे बघणारसुद्धा नाही."

म्हणून मला काढून भिंतीवर माझा आवाज टांगायचा! वार्तिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. गरज सरो, वैद्य मरो! रडणाऱ्या बाईवर तोंड कसं टाकायचं म्हणून ती गप्प राहिली, एवढंच. आणि परत जायचं तरी कुणाकडे? तिची स्वतःची आई गेली त्या दुपारी ती आमाला पेज भरवत होती. मयत तिने फोनवर पाहिलं, एका हातात चमचा धरून. लेक आजीपाशी वाढली, फोनवर परक्यासारखी 'बऱ्या आहात ना' विचारते, आणि आता स्वतःच तैवानला घरकामाला जायचे कागद करून बसलीय. जगात वार्तिनीला हाक मारणारं माणूस एकच उरलं होतं, आणि त्याला धड तिचं नावही आठवत नव्हतं. 'तिनी' म्हणायची म्हातारी.

"आणखी एकच वाक्य हवंय," डोळे पुसून ह्वी लेंग म्हणाली. "संध्याकाळी ती दाराशी जाते, घरी जायचंय म्हणून हट्ट करते. तेव्हा तू तिला काय म्हणतेस? दोन शब्दांत परत येते ती. मी पाहिलंय."

"काही नाही म्हणत," वार्तिनी म्हणाली. "हात धरते फक्त."

साफ खोटं होतं ते. एक वाक्य होतं, आणि ते तिने मुठीत धरून ठेवलं. ते मिळालं नाही तर यंत्र पांगळं. यंत्र पांगळं तर मॅडम झक मारून मला ठेवून घेतील. तिच्यापाशी तेवढा एकच पत्ता होता.

दुसऱ्या दिवशी चाचणी होती. गाडी यायच्या आधी वार्तिनीला खाली पाठवलं. इमारतीखालच्या मोकळ्या जागेत दगडी बाकावर ती रोस्लीशेजारी बसली. त्याच्या फोनवर कॅमेऱ्यातून वरचं घर दिसत होतं. ऑफिसात बसून ह्वी लेंगही तेच बघत होती आणि फोनवर तिघांचं बोलणं चालू होतं.

डे-केअरच्या बाईने आमाला घरात सोडलं आणि जाळीचं दार ओढून घेतलं. दिवा लागला, पंखा फिरला. 'आमा, चपला काढ,' वार्तिनीचा आवाज म्हणाला. आमाने मुकाट्याने चपला काढल्या. पाणी प्यायली. मग इकडे तिकडे बघत म्हणाली, "तिनी, कुठे दडलीस गं?" तिने स्वयंपाकघरात पाहिलं. न्हाणीत पाहिलं. कपाटाचं दार उघडून कपड्यांमागेही पाहिलं.

"या अल्लाह!" रोस्ली पुटपुटला.

तिनी सापडली नाही तशी आमा जाळीच्या दाराशी आली. "उघडा! माझी पोरं उपाशी आहेत घरी. उघडा मेल्यांनो!" 'आमा, आत ये,' स्पीकर म्हणाला. कोण ऐकतंय! ती गज धरून हलवू लागली. कपाळ गजांवर आपटू लागली, एकदा, दोनदा.

"वार्ती!" फोनमधून ह्वी लेंग किंचाळली. "तू काय म्हणतेस तिला? सांग ना!"

वार्तिनीने दात आवळले. आता गप्प बसलं की झालं. जिंकलीस तू, वार्तिनी. जरा कळ काढ. पण म्हातारीच्या कपाळाचा आवाज थेट त्या फोनमधून येत होता, आणि ते कपाळ ती रोज सकाळी ओल्या फडक्याने पुसत होती. तिने रोस्लीच्या हातातून फोन ओढला, वरच्या स्पीकरचं बटण दाबलं आणि ओरडली,

"आमा! पेज उतू चाललीय!"

आमा थांबली. "अगं बाई!" म्हणत वळली आणि लगबगीने स्वयंपाकघरात गेली. साऱ्या आयुष्यात तिने ठेल्यावर एकदाही पेज उतू जाऊ दिली नव्हती. ओट्यावर पातेलं नव्हतंच. कशासाठी आलो हे विसरून ती तिथल्या स्टुलावर शांत बसली.

"हेच!" ह्वी लेंग म्हणाली. "हेच हवं होतं. रोस्ली, आलं का ते?"

रोस्लीने वार्तिनीकडे पाहिलं नाही. "आलं, मॅडम," तो म्हणाला. मग फोन खिशात ठेवत हळूच म्हणाला, "ताई, माफ कर. ते आपोआप रेकॉर्ड होतं."

"तू कशाला माफी मागतोस?" वार्तिनी म्हणाली. "माझी जीभ, मीच घालवली."

निघायच्या दिवशी टॅक्सी नेमकी संध्याकाळी आली, आमा घरी जायचा हट्ट धरते त्या वेळेला. ह्वी लेंगने रजा काढली होती. वार्तिनीने आमाचा हात धरून आपल्या कपाळाला लावला, स्वतःच्या आईचा लावायची तसा. म्हातारीला काय उमगलं कोण जाणे, तिने तिची बाही गच्च धरली.

"मीपण येते. घरी जायचंय मला."

"आमा, सोड गं."

"मला टाकून कुठे चाललीस? कुठे चाललीस, सांग!"

ह्वी लेंग "मम्मी, मम्मी" करत तिची बोटं सोडवायला लागली, तशी म्हातारी आणखीच बिलगली. वार्तिनीला रडू फुटलं. मला सोडून जाऊ नको, असं तिला जन्मात कुणी म्हटलं नव्हतं. नवऱ्याने नाही, लेकीने नाही. खाली टॅक्सीवाला हॉर्न वाजवत होता. वाजवू दे! आमाने सोडलंच नाही तर कोण नेणार आहे मला? असं मनात आलं आणि तिनेही बॅग खाली ठेवून म्हातारीला दोन्ही हातांनी धरलं.

दार बराच वेळ उघडं राहिलं होतं आणि आमा उंबऱ्यात उभी होती. भिंतीवरच्या स्पीकरचा दिवा निळा झाला.

"आमा! पेज उतू चाललीय!"

आमाची बोटं सुटली. "अगं बाई! तिनी, गॅस बारीक कर, आले मी!" म्हणत ती आत धावली. धावताना तिची एक चप्पल उंबऱ्यातच निघून पडली.

ह्वी लेंगने वार्तिनीकडे पाहिलं. आईमागे आत जाताना तिने जाळीचं दार ओढलं आणि कुलूप आपोआप बसलं.

आतून आमाचं ओरडणं ऐकू येत होतं. "कितीदा सांगितलं, झाकण तिरकं ठेवावं! ऐकू येतं का, तिनी?"

"येतं, आमा," वार्तिनी बाहेरून म्हणाली.

मग ती खाली वाकली, गजांतून हात घालून ती चप्पल सरळ करून ठेवली, आणि बॅग उचलून लिफ्टकडे गेली.