डावी बाजू कोणाची?

मी एक जुना पलंग आहे. दोघांचा, सागवानी. अंगात खिळा एक नाही, सगळे सांधे लाकडात लाकूड बसवून केलेले. आपल्या तोंडाने आपली स्तुती करू नये म्हणतात, पण मित्रांनो, पलंगाची स्तुती करायला दुसरं कोण बसलंय?

मला घडवलं आमच्या सुताराने, स्वतःसाठी. तो परदेशात एका नव्या हॉटेलची कपाटं करायला गेला होता. तिथेच पडदे शिवायला येणाऱ्या एका शिंपिणीशी त्याचं सूत जुळलं. लग्न तिकडेच झालं. काम संपल्यावर तो घरी परतला आणि बायको येणार म्हणून मला करायला घेतलं. त्याला वाटलं, पॉलिश वाळेपर्यंत ती येईल. पॉलिश वाळलं, त्यावर दुसरा हात मारून झाला, तरी ती आपली सीमेपलीकडेच. आज हा दाखला कमी, उद्या तो शिक्का कमी.

ते दिवस मला फार वाईट गेले. सुतार माझ्यावर झोपेचना. "अर्ध्या पलंगावर झोप लागत नाही," म्हणायचा आणि खाली चटई टाकायचा. माझ्यावर मग न घडी केलेले कपडे, रंगाचे डबे, एकदा तर कोणाचं तरी अख्खं दार. त्याची आई येता-जाता म्हणायची, "पलंग झाला रे, पण सुनेचं नखसुद्धा दिसेना." मला भरून यायचं. पण लाकडाला रडता कुठे येतं? ते नुसतं करकरतं.

शेवटी ती आली. आली ती तात्पुरत्या परवान्यावर. कायमचं राहायचं तर लग्न खरं आहे, नुसतं कागदावरचं नाही, हे कचेरीला पटायला हवं होतं. नाही पटलं, तर तिने आल्या पावली परत जायचं.

कचेरीत दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून प्रश्न विचारले. सासू चहात साखर किती घालते, न्हाणीघराची कडी आतून कशी लागते, सगळं तंतोतंत जुळलं. शेवटचा प्रश्न होता, बायको पलंगाच्या कोणत्या बाजूला झोपते? सुतार म्हणाला, डाव्या. ती म्हणाली, उजव्या. दोघंही खुशीत घरी आली, कारण दोघांनीही खरं तेच सांगितलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अधिकारी बाई थेट आमच्या दारात. "एक म्हणतो डावी, एक म्हणते उजवी," त्या म्हणाल्या. "तुम्ही एका घरात राहता तरी का?"

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. सुतार घाईघाईने काहीतरी सांगू लागला.

"बोलूच नका," बाई म्हणाल्या. "आपापल्या जागेवर जाऊन बसा."

दोघं आली आणि बसली. ती खिडकीकडे, तो दाराकडे. ना एकमेकांना धक्का, ना चाचपडणं. मी जीव मुठीत धरून होतो. तेवढ्यात सुतार ताडकन उठला आणि माझ्या पायथ्याशी जाऊन उभा राहिला.

"अगं, ही खिडकीची बाजू उजवी कशी? इथून बघ. डावी आहे. कपाटाचं डावं दार आपण समोरूनच ठरवतो ना?"

"अहो, पलंगावर झोपायचं असतं, समोर उभं राहायचं नसतं. शर्टाचा खिसा डावीकडे म्हणतो तो कोणाच्या डावीकडे? घालणाऱ्याच्या."

"पलंग काय अंगात घालतात?"

"मग कपाटात झोपा तुम्ही."

बाई एकदा इकडे बघत, एकदा तिकडे. स्वयंपाकघरातून सुताराची आई म्हणाली, "बाई, तुम्ही चहा घ्या. यांचं काही लवकर संपायचं नाही. काल उशीवरून चाललं होतं."

बाईंना हसू आवरेना. त्या माझ्याच कडेवर टेकल्या. "इतकी वर्षं हे काम करतेय," त्या म्हणाल्या. "पाठ केलेली उत्तरं पुष्कळ ऐकली. असं भांडण पाठ करून येत नाही."

आणि त्यांनी तिथल्या तिथे सही केली, माझा टेबलासारखा उपयोग करून. तेवढा मान कुठल्या पलंगाला मिळाला असेल, सांगा बरं! कायमचा परवाना हातात आला त्या दिवशी आईने शेजारच्या प्रत्येक दाराची कडी वाजवली. "सून राहणार माझी," एवढंच सांगायची आणि पुढच्या दाराकडे वळायची. सून रडत होती, सुतार हसत होता आणि दोघं मिळून माझ्यावर नवी चादर घालत होती, चारी कोपरे चुकवत.

त्याला बरीच वर्षं झाली. माझे सांधे आता सैल होतात, सुतार ते अधूनमधून ठोकून घट्ट करतो. डावी कोणती याचा निकाल मात्र अजून लागलेला नाही.

मित्रांनो, घरातला पलंग करकरू लागला तर त्याला अडगळीत टाकू नका, एकदा सांधे तपासा. आणि एकाच गोष्टीला एक जण डावं म्हणाला, दुसरा उजवं म्हणाला, तर कोणाला खोटं ठरवण्याआधी दोघं कुठे उभी आहेत ते विचारा. आमच्याकडे एका बाईंनी तसं येऊन पाहिलं. म्हणून आज माझ्या दोन्ही बाजू भरलेल्या आहेत.